हत्यासत्र आणि हत्याऱ्याचे मन

एकाच माणसाच्या हातून, काही काळाच्या अंतराने, एकामागून एक अशी अनेक माणसे मारली जातात, तेव्हा मराठी वृत्तपत्रे त्या माणसाला बहुधा दोनच शब्दांनी संबोधितात. पहिला शब्द ‘माथेफिरू’ आणि दुसरा ‘नराधम’. शब्द योजणाऱ्याच्या ध्यानी आलेले नसले, तरी ह्या दोन शब्दांत परस्परविरुद्ध अशा दोन उपपत्ती दडलेल्या आहेत. माथेफिरू म्हटले की रोग आला, आणि रोग आला की रोग्याची जबाबदारी सैल झाली. नराधम म्हटले की पाप आले, आणि पाप आले की प्रायश्चित्त आलेच. एकाच बातमीत हे दोन्ही शब्द सुखेनैव नांदताना आढळतात, ह्याचा दोष एकट्या वार्ताहराच्या माथी मारता येणार नाही. मानसशास्त्र, वैद्यक आणि विधिशास्त्र ह्या तिघांनाही गेल्या शतकभरात ह्याच दोन टोकांमध्ये हेलकावे खावे लागले आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम संज्ञा निश्चित करणे इष्ट ठरेल. रागाच्या भरात एकाच ठिकाणी दहा माणसे मारणारा आणि दहा वर्षांत दहा वेळा, दर वेळी स्वतंत्रपणे, एकेक माणूस मारणारा, हे दोघे मानसशास्त्रदृष्ट्या निराळे आहेत. पहिल्याच्या बाबतीत एक स्फोट होतो आणि सारे संपते. दुसरा मात्र दर खुनानंतर घरी परततो, जेवतो, झोपतो, कामावर जातो, आणि काही दिवसांनी वा वर्षांनी पुन्हा तेच कृत्य करतो. बर्लिनचे पोलीस अधिकारी एर्न्‌स्ट गेनाट ह्यांनी १९३० साली अशा गुन्हेगाराला उद्देशून ‘मालिका-खुनी’ ह्या अर्थाचा जर्मन शब्द वापरला. अमेरिकेच्या एफ.बी.आय. ह्या संस्थेने २००५ साली भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत, निरनिराळ्या प्रसंगी दोन किंवा अधिक व्यक्तींची हत्या, अशी सुटसुटीत व्याख्या स्वीकारण्यात आली. प्रस्तुत लेखात ‘हत्यासत्र’ हा शब्द ह्याच अर्थाने योजिला आहे. ह्या व्याख्येत हेतूचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. परिषदेतील तज्ज्ञांना सर्वांना लागू पडेल असा एक हेतू सापडला नाही.

मुंबईकरांच्या स्मरणात ह्या प्रकारातील जे नाव सर्वांत खोलवर रुतलेले आहे, ते रामन राघव ह्याचे. १९६५-६६ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गाच्या कडेने पदपथांवर व झोपड्यांत झोपलेल्या एकोणीस जणांवर हल्ले झाले आणि त्यांतील नऊ जण दगावले. ह्या काळात संशयास्पद रीतीने भटकणारा म्हणून त्याला पोलिसांनी धरले होते. परंतु प्रत्यक्ष पुरावा हाती न लागल्यामुळे तो सुटला. १९६८ साली उत्तरेकडील उपनगरांत तेच सुरू झाले. रात्रीची वेळ, झोपलेला माणूस, आणि डोक्यावर बोथट व जड वस्तूचा प्रहार. गुन्हे अन्वेषण विभागाचे प्रमुख रमाकांत कुळकर्णी ह्यांच्या देखरेखीखाली तपास चालू असता, २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो ह्यांनी वर्णनावरून त्याला ओळखले व ताब्यात घेतले. काही दिवस तो काहीच बोलला नाही. मग त्याने कोंबडीचे जेवण मागितले. ते मिळाल्यावर तो बोलू लागला, पोलिसांना आपल्याबरोबर हिंडवून लपविलेले हत्यार त्याने काढून दिले, आणि एक्केचाळीस खुनांची कबुली दिली.

ह्या माणसाचे मन कोणत्या घाटाचे होते? सत्र न्यायालयापुढे खटला चालला तेव्हा ह्या प्रश्नाची दोन उत्तरे आली. १९६९ च्या जून-जुलै महिन्यांत जवळजवळ चार आठवडे त्याला नजरेखाली ठेवणाऱ्या पोलीस शल्यचिकित्सकांनी असा अभिप्राय दिला की, आरोपीला चित्तविकृती नाही आणि त्याची बुद्धीही मंद नाही. बचावपक्षाने आणलेल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या मते मात्र त्याला दीर्घकाळ मुरलेला, संशयप्रधान स्वरूपाचा स्किझोफ्रेनिया होता. न्यायालयाने पहिले मत ग्राह्य धरून फाशीची शिक्षा दिली. ह्या शिक्षेविरुद्ध अपील करण्यास रामन राघवने नकार दिला. शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्याचा आदेश दिला. ह्या मंडळाने पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, त्याच्याशी संभाषण केले. त्यातून जे निष्पन्न झाले ते मुळातूनच पाहण्यासारखे आहे.

रामन राघवच्या मते जगे दोन होती. एक ‘कानून’चे जग आणि दुसरे हे, ज्यात तो राहत होता ते. तो स्वतः ‘कानून’चा प्रतिनिधी होता, एक शक्ती होता. लोक आपल्याला स्त्री बनविण्याच्या खटपटीत आहेत, त्यासाठी समलिंगी संबंधांची प्रलोभने आपल्यापुढे मांडली जातात, परंतु आपण एकशेएक टक्के पुरुष आहोत, असे तो पुनःपुन्हा सांगे. देशात तीन सरकारे नांदत आहेत, अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे, आणि तिन्ही आपल्या पाठीमागे लागली आहेत, ही त्याची अढळ श्रद्धा होती. मुंबईला आपल्याला चोऱ्या करण्यासाठी सरकारनेच आणले, असेही तो म्हणे.

सकृद्दर्शनी हा केवळ प्रलाप वाटतो. परंतु संशयप्रधान स्किझोफ्रेनियाचे मर्म असे की, त्यातील आधारविधान तेवढे भ्रामक असते. त्यावर उभारलेली इमारत पुष्कळदा तर्कशुद्ध असते. सरकार आपल्यावर टपले आहे हे एकदा गृहीत धरले, की त्यापासून लपणे, हत्यार दडवून ठेवणे, नावे बदलून राहणे हे सारे सुसंगतच ठरते. रामन राघव सिंधी दलवाई, अण्णा, तंबी अशा अनेक नावांनी वावरत असे. हत्यार लपविणारा माणूस वेडा कसा, हा सामान्य माणसाचा आक्षेप ह्या ठिकाणी लटका पडतो. वेडसरपणा आणि धूर्तपणा हे एकाच घरात सुखाने राहू शकतात. पोलीस शल्यचिकित्सकांना जो शहाणा दिसला आणि मंडळाला जो रोगी दिसला तो एकच माणूस होता. त्याच्या कोणत्या थराशी कोणी, किती वेळ बोलले, एवढाच फरक.

कायद्याचा प्रश्न ह्याहून अरुंद असतो. १८४३ साली इंग्लंडात मॅक्‌नॉटन नामक इसमाने पंतप्रधान पील ह्यांच्या खाजगी चिटणिसाला गोळी घातली. त्या खटल्यानंतर जे नियम सिद्ध झाले, त्यांचाच अनुवाद भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमात झाला, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमातही तेच तत्त्व कायम आहे. आरोपीला रोग होता काय, असे हे कलम विचारीत नाही. कृत्याच्या क्षणी, मनाच्या विकलतेमुळे, आपण काय करीत आहोत हे, किंवा ते गैर वा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास तो असमर्थ होता काय, एवढेच ते विचारते. रामन राघवला आपण माणूस मारतो आहोत हे कळत होते. ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत होते काय? जो स्वतःलाच ‘कानून’ समजतो त्याला हा प्रश्न विचारण्यातच एक विलक्षण कोंडी आहे. मंडळाने उत्तर दिले की, कळत नव्हते. ४ ऑगस्ट १९८७ रोजी त्याची फाशी रद्द होऊन तिचे जन्मठेपेत रूपांतर झाले. तो निर्दोष मात्र ठरला नाही.

येथे एक गैरसमज वेळीच दूर केला पाहिजे. स्किझोफ्रेनिया झालेली बहुसंख्य माणसे कोणाच्या वाटेला जात नाहीत. उलट त्यांनाच इतरांकडून मार, फसवणूक व अवहेलना सोसावी लागते. आणि हत्यासत्रे घडविणाऱ्यांतही रामन राघवसारखा भ्रमाच्या आहारी गेलेला माणूस हा अपवाद होय. त्यांतील बहुसंख्यांना कायद्याच्याच काय, पण वैद्यकाच्याही कसोटीवर चित्तविकृती आढळत नाही. माथेफिरू हा शब्द त्यांना लागू पडत नाही.

ह्या बहुसंख्य वर्गाचा बारकाईने अभ्यासिलेला पहिला मोठा नमुना म्हणजे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचा पेटर क्यूर्टेन. त्याचा जन्म १८८३ सालचा, कोलोनजवळच्या म्यूलहाइम गावचा. घर एका खोलीचे, भावंडे पुष्कळ, बाप मद्यपी व क्रूर. स्वतःच्या मुलीवर हात टाकल्याबद्दल बापाला तुरुंगवास घडलेला. शेजारी राहणाऱ्या एका कुत्री पकडणाऱ्या इसमाने त्याला लहानपणीच जनावरांचे हाल करण्यास शिकविले, असे क्यूर्टेन सांगे. तारुण्यापासूनची त्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. १९१३ साली चोरीसाठी शिरलेल्या एका घरात त्याने एका लहान मुलीचा खून केला. दुसऱ्या दिवशी समोरच्याच उपाहारगृहात बसून लोकांचा संताप ऐकत तो बसला होता. पुढे लग्न झाले. ड्युसेलडॉर्फात तो नीटनेटक्या पोशाखाचा, सभ्य, मितभाषी गृहस्थ म्हणून ओळखला जाई. १९२९ साली त्या शहराला ज्याने अक्षरशः कापरे भरविले तो हाच, हे त्याने स्वतः सांगेपर्यंत पत्नीलाही ठाऊक नव्हते. पोलिसांनी लावलेले बक्षीस तिला मिळावे, म्हणूनच आपण तिला सांगितले, असे त्याचे म्हणणे. एप्रिल १९३१ मध्ये नऊ खुनांबद्दल त्याला दोषी ठरविण्यात आले आणि २ जुलै १९३१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कार्ल बेर्ग ह्यांनी तुरुंगात त्याच्याशी दीर्घ संभाषणे केली. क्यूर्टेनने प्रथम दिलेले कारण मोठे उदात्त होते: तुरुंगात आपल्याला अन्यायाने वागविले गेले, म्हणून आपण समाजावर सूड उगविला. बेर्ग ह्यांनी पाठपुरावा केला तेव्हा हे आवरण गळून पडले. हिंसेतून, रक्ताच्या दर्शनातून, आणि पुढे लोकांच्या भयाच्या नुसत्या आठवणीतूनही त्याला लैंगिक तृप्ती मिळत असे, हे त्याने मान्य केले. सूडाची गोष्ट त्याने न्यायाधीशांसाठी रचली होती, की स्वतःसाठीही? बहुधा दोहोंसाठी. ज्याला पुन्हा पुन्हा एकच कृत्य करावयाचे असते त्याला स्वतःपुरते तरी एखादे स्पष्टीकरण जवळ बाळगावे लागते. ह्या स्पष्टीकरणालाच हेतू समजण्याची चूक ह्या विषयावरील लेखनात वारंवार झालेली दिसते.

क्यूर्टेनच्या निवेदनातील आणखी एक गोष्ट मानसशास्त्रदृष्ट्या फार मोलाची आहे. तुरुंगात असता तो मुद्दाम किरकोळ नियम मोडी, म्हणजे एकांतकोठडीची शिक्षा होई. आणि त्या एकांतात तो अत्याचाराची कल्पनाचित्रे निर्वेधपणे रंगवीत असे. पुढे अर्धशतकानंतर एफ.बी.आय.च्या रेसलर, डग्लस आदी अधिकाऱ्यांनी परिचारिकाशास्त्राच्या प्राध्यापिका अ‍ॅन बर्जेस ह्यांच्या साहाय्याने छत्तीस लैंगिक खुन्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतही हेच पुढे आले: कृत्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून त्याचे स्वप्नरंजन चाललेले होते. सर्वसामान्य माणसाच्या दिवास्वप्नात इतर माणसे असतात, त्यांची इच्छा असते, त्यांचा नकारही असतो. ह्यांच्या स्वप्नात दुसरा माणूस ही केवळ वस्तू होते. प्रत्यक्ष कृत्य मात्र स्वप्नासारखे कधीच होत नाही. ते घाईने उरकते, बिघडते, भीतीने झाकोळते. म्हणून ते ‘नीट’ करण्यासाठी पुन्हा स्वप्न, आणि पुन्हा कृत्य. पुनरावृत्तीची ही उपपत्ती पुष्कळ अंशी पटण्यासारखी आहे. मात्र हे निष्कर्ष तुरुंगात बोलण्यास राजी झालेल्यांवरून काढलेले आहेत, आणि तशीच स्वप्ने रंगवून कधीही कोणाच्या केसालाही धक्का न लावणाऱ्या माणसांशी त्यांची तुलना केलेली नाही, हे विसरता कामा नये.

भ्रम नाही, बुद्धी शाबूत आहे, मग उणीव कशाची? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्व्ही क्लेक्ली ह्यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘सायकोपॅथ’ ह्या व्यक्तिप्रकाराचे जे चित्र रेखाटले, ते ह्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ मानले जाते. वरवर मोहक बोलणे, खोटे बोलताना न चाचरणे, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः न हलणे. थोडक्यात, शहाणपणाचा मुखवटा धारण केलेली भावनिक पोकळी. कॅनडाचे रॉबर्ट हेअर ह्यांनी ह्याच लक्षणांवरून वीस कलमांची मापनपद्धती तयार केली. प्रत्येक कलमाला शून्य ते दोन गुण, एकूण चाळीस, आणि तीस वा अधिक गुण पडल्यास सायकोपॅथी. ह्या मापनाचा उपयोग निःसंशय आहे. तथापि सर्वसाधारण लोकांत शंभरांत एखादा ह्या प्रकारचा असावा, असा हेअर ह्यांचाच अंदाज आहे. हे प्रमाण खरे मानले, तर एकट्या भारतात अशा माणसांची संख्या कोटीच्या वर जाईल. त्यांतील बहुतेक जण व्यापारात, राजकारणात, कचेऱ्यांत आणि कुटुंबांत इतरांना छळीत वा फसवीत आयुष्य कंठतात. खून करीत नाहीत. तेव्हा सायकोपॅथी ही अडसर काढून टाकते एवढेच म्हणता येईल. दार उघडे असले म्हणजे माणूस बाहेर पडतोच असे नाही.

मेंदूच्या संशोधनानेही अशीच अर्धवट उत्तरे दिली आहेत. एड्रियन रेन ह्यांनी १९९७ साली एक्केचाळीस खुन्यांच्या मेंदूतील ग्लुकोजचा वापर मोजला, तेव्हा आवेगाला लगाम घालणारा कपाळामागचा भाग सरासरीने मंद आढळला. परंतु दुसऱ्याच वर्षी त्यांनी संतापाच्या भरात खून करणारे आणि थंड डोक्याने, योजनापूर्वक खून करणारे असे दोन गट पाडले, तेव्हा ही मंदता मुख्यतः पहिल्या गटातच दिसली. योजकांच्या मेंदूचा तो भाग जवळजवळ सामान्य माणसासारखाच काम करीत होता. हत्यासत्र घडविणारे बहुशः ह्या दुसऱ्या गटात मोडतात. त्यांचा लगाम तुटलेला नसतो. तो त्यांच्याच हातात असतो.

उरले बालपण. येथे लोकमत आणि काही अंशी शास्त्रमतही अतिशय घाईने निर्णय करते. १९६३ साली जॉन मॅक्‌डोनल्ड ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी खुनाच्या धमक्या देणाऱ्या शंभर रुग्णांविषयी एक निबंध लिहिला, आणि त्यांतील अत्यंत विकृत अशा काहींच्या बालपणात तीन गोष्टी आढळल्याचे नमूद केले: वय वाढूनही अंथरूण ओले करणे, आगी लावणे आणि प्राण्यांचे हाल करणे. हे रुग्ण धमक्या देणारे होते, खुनी नव्हते. पुढे स्वतः मॅक्‌डोनल्ड ह्यांनीच पडताळा पाहिला तेव्हा हा संबंध टिकला नाही. तरीही ‘त्रिलक्षण’ म्हणून तो पाठ्यपुस्तकांत आणि चित्रपटांत आजतागायत सुखरूप आहे. प्राण्यांशी सातत्याने केलेले क्रौर्य ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही, ती घरातील मारहाणीची खूण असू शकते. पण अंथरूण ओले करणारे मूल बिचारे ह्या यादीत कसे शिरले आणि तेथून निघेना कसे, हा शास्त्राच्या मानसशास्त्राचा विषय आहे.

छळाच्या बालपणाविषयीही तेच. कॅथी विडम ह्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, न्यायालयीन दप्तरातून निश्चित झालेली ९०८ छळलेली वा दुर्लक्षिलेली मुले घेतली आणि तुलनेसाठी तशाच सामाजिक थरातील ६६७ मुले घेतली. अल्पवयात अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे २६ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे १७ टक्के निघाले. छळाचा परिणाम होतो, हे ह्यावरून स्पष्टच आहे. पण छळ सोसलेल्या चारांपैकी तिघांच्या वाट्याला ती अटक आली नाही, हेही तेवढेच स्पष्ट आहे. आणि खून ही तर अटकेच्या किती पलीकडची गोष्ट! उलट बाजूने, अमेरिकेतील मिलवॉकी शहराचा जेफ्री डामर, ज्याने १९७८ ते १९९१ ह्या काळात सतरा जणांना मारले, त्याच्या घरात कलह होता, उपेक्षा होती, पण क्यूर्टेनच्या घरासारखे काही नव्हते. त्याच परिस्थितीत वाढलेला त्याचा भाऊ गुन्ह्याच्या वाटेला गेला नाही. डामरचा पहिला खून आणि दुसरा खून ह्यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. ह्या नऊ वर्षांत त्याची वासना नाहीशी झाली नव्हती. ती दबलेली होती, आणि दुसऱ्या खुनानंतर दाबून ठेवण्याचा प्रयत्नच त्याने सोडून दिला.

असे असता सर्वच हत्यासत्रांच्या मुळाशी भ्रम किंवा वासना असते असेही नाही. कोल्हापूरच्या गावित प्रकरणात एका आईने आणि तिच्या दोन मुलींनी १९९० ते १९९६ ह्या काळात लहान मुले पळविली. यात्रेत, गर्दीत पाकीट मारताना कडेवर मूल असले की संशय येत नाही, पकडले गेल्यास दया येते. आणि मूल रडू लागले, अडचणीचे झाले, की त्याला मारून टाकले जाई. आई खटल्यापूर्वीच कोठडीत मरण पावली. दोघी मुलींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली, आणि दयेच्या अर्जाच्या निर्णयास झालेल्या अक्षम्य विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. येथे कल्पनाविलास नाही, ‘कानून’चे जगही नाही; केवळ हिशेब आहे. एका कुटुंबाच्या आत त्या हिशेबाला संमती मिळत गेली, आणि संमती मिळाल्यावर भीड चेपली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ह्या प्रकरणाला ठरीव खाना सापडत नाही, म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करणारे आहे.

आतापर्यंत पाहिलेले चार नमुने परस्परांशी मिळत नाहीत. भ्रमिष्ट, वासनांध, एकलकोंडा, हिशेबी. सर्वांत समान अशी गोष्ट एकच: पहिल्या कृत्यानंतर त्यांना कोणी अडविले नाही. माणूस पहिल्यांदा का मारतो, ह्याचे उत्तर त्याच्या मनात शोधावे लागेल. तो पाचव्यांदा का मारू शकला, ह्याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या मनाबाहेर सापडते. न पकडले जाणे हेच मोठे शिक्षण आहे. भय ओसरते, हात सरावतो, आणि आपण इतरांहून निराळे, अधिक चतुर आहोत ही भावना बळावते. क्यूर्टेनने वृत्तपत्राला आणि पोलिसांना पत्रे धाडली ती ह्याच मस्तीतून.

शिवाय बळी कोण, हाही प्रश्न आहे. १९६५-६६ साली मारले गेलेले लोक पदपथावर झोपणारे होते. त्यांच्या मरणाने शहर हादरले ते १९६८ साली, भय घरांच्या दारांपर्यंत येऊन पोहोचल्यावर. २७ मे १९९१ रोजी मिलवॉकीच्या रस्त्यावर एक चौदा वर्षांचा, आशियाई निर्वासित कुटुंबातील मुलगा, अर्धवट शुद्धीत, विवस्त्र स्थितीत सापडला. शेजारच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी पोलिसांना विनवून पाहिले. पोलिसांनी डामरच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून मुलाला त्याच्याच हवाली केले. त्याच मुलाच्या मोठ्या भावावरील अत्याचाराबद्दल डामर त्या वेळी न्यायालयाच्या देखरेखीखाली होता, ही नोंद पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. मुलगा त्याच रात्री मारला गेला, आणि जुलैमध्ये डामर पकडला जाईपर्यंत आणखी चौघे.

ह्याच्या उलट टोकाला इंग्लंडातील हाइड गावचे डॉक्टर हॅरल्ड शिपमन. बळी बहुतांशी वृद्ध स्त्रिया, साधन मॉर्फीनच्या जातीचे औषध, आणि मृत्यूच्या दाखल्यावर सही स्वतःचीच. जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ ह्यांच्या चौकशीने २००२ साली २१५ रुग्णांचे मृत्यू त्याच्याच हातचे असल्याचा निष्कर्ष काढला. वृद्ध माणूस मरण पावला ह्यात कोणाला नवल वाटत नाही, आणि डॉक्टरवर संशय घेण्याची रीत नाही. ह्या दोन सभ्य सवयींच्या आड ते सत्र तेवीस वर्षे चालले. मार्च १९९८ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी शंका कळविली होती, पण पोलिसांची चौकशी ढिसाळ झाली, आणि त्यानंतर आणखी तिघींचा बळी गेला. शिपमन सतरा वर्षांचा असता त्याची आई कर्करोगाने वारली. अखेरच्या दिवसांत डॉक्टर घरी येऊन तिला मॉर्फीन देत. ह्या प्रसंगावरून त्याच्या साऱ्या कृत्यांचा उलगडा करणारे पुष्कळ निघाले. तो स्वतः मात्र एक अक्षरही बोलला नाही आणि २००४ च्या जानेवारीत तुरुंगात गळफास घेऊन मेला.

न बोलणाऱ्यापेक्षा भरमसाट बोलणारा संशोधकाला अधिक फसवितो. अमेरिकेतील हेन्री ली लूकस ह्याने १९८३ साली अटक झाल्यावर शेकडो खुनांची कबुली दिली, आणि निरनिराळ्या पोलीस ठाण्यांनी आपापली जुनी प्रकरणे आनंदाने त्याच्या नावे मिटविली. टेक्ससच्या महाधिवक्त्यांच्या कचेरीने १९८६ साली तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा कित्येक खुनांच्या वेळी तो शेकडो मैल दूर असल्याचे निघाले. कबुली देताच चांगले खाणे, प्रवास आणि मान मिळतो, एवढे त्याने हेरले होते. कबुलीजबाबाच्या पायावर मनोविश्लेषणाचे मनोरे रचणाऱ्यांनी लूकस विसरू नये. रामन राघवच्या एक्केचाळीस ह्या आकड्याकडेही ह्याच सावधगिरीने पाहावे लागते.

अशी माणसे आधीच हेरता येणार नाहीत काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याला साधा हिशेब आड येतो. समजा, शंभरांत नव्व्याण्णव वेळा अचूक ठरणारी कसोटी हाती आली, जी आज कोणाजवळही नाही, आणि ती दहा लक्ष मुलांना लावली. त्यांतील एक मूल पुढे हत्यासत्र घडविणार आहे असे मानू. कसोटी बहुधा त्याला पकडील. परंतु त्याच्याबरोबर सुमारे दहा हजार निरपराध मुलांच्या कपाळीही तोच शिक्का बसेल. त्यांतील किती जण त्या शिक्क्याखाली चेंगरून जातील, हे कसोटी सांगणार नाही. मागे वळून पाहताना प्रत्येक खुन्याचे बालपण पूर्वचिन्हांनी भरलेले दिसते. पुढे पाहताना तीच चिन्हे हजारो घरांत विखुरलेली असतात, आणि त्या घरांना पाहिजे असते ती मदत, भाकीत नव्हे.

रामन राघवला पुण्याच्या येरवडा कारागृहात ठेवण्यात आले आणि तेथील मनोरुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. फाशीच्या शिक्षेपासून तिच्या रूपांतरापर्यंत अठरा वर्षे लोटली होती. ७ एप्रिल १९९५ रोजी ससून रुग्णालयात, मूत्रपिंडाच्या विकाराने, त्याचा मृत्यू झाला.